मूलद्रव्य, संयुग, मिश्रण घरच्या घरी कसं शिकवायचं: व्याख्या शेवटी, आधी चुंबक आणि गाळणी

सातवीतल्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी ते ‘दोन किंवा अधिक मूलद्रव्यांच्या रासायनिक संयोगातून तयार झालेला पदार्थ म्हणजे संयुग’ असं धडाधड म्हणून दाखवतं. पुढच्या मिनिटाला त्याच्या हातात देव्हाऱ्यातली पितळेची घंटी द्या आणि विचारा हे काय, तर उत्तर येतं मूलद्रव्य, का तर चमकतं आणि आवाज येतो. माझ्याकडे शेजारपाजारची सहावी ते आठवीची पोरं बरीच वर्षं सायन्सला येतात आणि दरवर्षी हे असंच होतं. चूक पोरांची नाहीये, आपण त्यांना व्याख्या आधी देतो आणि वस्तू नंतर देतो किंवा देतच नाही.

म्हणून आता मी हा अख्खा धडा एकाच प्रश्नावर शिकवते: समोरचा पदार्थ वेगळा करायला काय करावं लागलं? निवडून, गाळून, वाळवून, चुंबक फिरवून काम झालं तर ते मिश्रण. तेवढ्याने भागलं नाही, पण जाळून किंवा करंट देऊन तो फुटला आणि जे निघालं ते मूळ पदार्थासारखं अजिबात नाही, तर संयुग. आणि कितीही रासायनिक खटपट केली तरी पुढे फुटतच नाही, तिथे मूलद्रव्य. खाली सगळं ह्याच क्रमाने लिहिलंय, दोन रविवार लागतात, एका दिवसात कोंबू नका, पोरं कंटाळतात.

सामान आधी गोळा करा

मीठ, साखर, बांधकामावरची मूठभर रेती, एक बऱ्यापैकी जोरदार चुंबक (जुन्या स्पीकरमधला मिळाला तर उत्तमच), लोखंडाचा कीस, काळा स्केचपेन, टिश्यू पेपर, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन वायरी, दोन पेन्सिली, धुण्याचा सोडा, एक जुनी कढई झाकणासकट, आणि स्वयंपाकघरात डिजिटल वजनकाटा असेल तर तो नक्की. लोखंडाचा कीस ग्रिल-गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे किंवा लेथवाल्याकडे फुकट मिळतो, फक्त त्याला सांगा की स्टीलचा नको, लोखंडाचाच दे, ह्याचं कारण शेवटी कळेल. आणि तो बोटात घुसतो, तेव्हा कागदाच्या पुडीत आणा.

पहिला रविवार: मिश्रण

वजन करून २० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम रेती आणि १० ग्रॅम कीस एका ताटलीत घ्या आणि पोरांना छान कालवू द्या. मग विचारा, आता हे तिन्ही परत वेगळे करून द्या. इथे लगेच मदत करू नका! पाच मिनिटं भांडू देत, एक जण म्हणेल पाणी टाकू, दुसरा म्हणेल आधी चुंबक, आणि हा क्रमच महत्त्वाचा आहे, कारण पाणी आधी टाकलं तर कीस रेतीला चिकटून बसतो, गंजायलाही लागतो, आणि चुंबकाला नीट येत नाही.

चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवायचा. उघडा चुंबक कधीच घालू नका, कीस त्याला असा घट्ट चिकटतो की निघता निघत नाही, पिशवी असली की उलटी केली की सगळा कीस खाली. आता गंमत बघा, कीस सगळा काढून झाला तरी रेतीवरून चुंबक फिरवला की बारीक काळे कण येतच राहतात. पोरं म्हणतात कीस राहिला. मग न वापरलेली कोरी रेती घ्या आणि तिच्यावर चुंबक फिरवा, तिच्यातूनही काळे कण येतात. आपल्याकडची नदीची रेती असो की दगड फोडून केलेली क्रश सँड असो, ती सह्याद्रीच्या काळ्या दगडातून, म्हणजे बेसाल्टमधून आलेली, आणि त्या दगडात मॅग्नेटाइट नावाचं खनिज असतं, ते चुंबकाला चिकटतं. मॅग्नेटाइट म्हणजे लोह आणि ऑक्सिजनचं संयुग. म्हणजे चुंबकाला चिकटलं की ते मूलद्रव्यच असणार हा समज तिथल्या तिथे मोडतो, आणि तो मोडलेला चांगला.

राहिलं मीठ आणि रेती. अर्धा कप कोमट पाणी घाला, ढवळा, दोन पदरी मलमलच्या कापडातून गाळा, रेतीवर थोडं पाणी परत घालून परत गाळा. गाळलेलं पाणी स्टीलच्या पसरट ताटात ओतून गच्चीवर ठेवा. कडक ऊन असेल तर एक-दोन दिवसात ताटात पांढरे खडे उरतात. आता वजन करा. आमच्याकडे २० मधले १८-१९ ग्रॅम परत येतात, उरलेलं कापडात आणि रेतीत अडकतं. ते मीठ पोरांच्या हातात देऊन विचारायचं की हे नवीन झालं का जुनंच आहे? जुनंच! पाण्यात गेलं, दिसेनासं झालं, परत आलं. विरघळणं म्हणजे संपणं नव्हे आणि नवीन पदार्थ होणंही नव्हे, हे वजनकाट्याने जितकं पटतं तितकं फळ्यावर लिहून पटत नाही. (हे मीठ खायचं नाही हं, रेतीतलं आहे.)

मिठागर म्हणजे हेच ताट मोठं केलेलं. उरण, पेण, वसईकडे भरतीचं पाणी खाडीतून आत घेतात, एकातून दुसऱ्या वाफ्यात सोडत आटवतात आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात सगळ्यात जास्त आपलं खायचं मीठ. पोरं कधी त्या बाजूला गेली असतील तर हे सांगताच त्यांचा चेहरा उजळतो.

आता स्केचपेन. टिश्यू पेपरची दोन बोटं रुंद पट्टी कापा, खालून दोन सेंटीमीटरवर काळा ठिपका द्या, पट्टी ग्लासात अशी लटकवा की खालचं टोक पाण्यात बुडेल पण ठिपका पाण्याच्या वर राहील. पाणी वर चढतं आणि दहा मिनिटांत काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग वेगळे होतात. बॉलपेन आणि परमनंट मार्कर नका घेऊ, त्यांची शाई पाण्यात विरघळत नाही, ठिपका जागचा हलत नाही. पुस्तकात ह्याला रंजकद्रव्य पृथक्करण म्हणतात, पोरांना नाव पाठ होत नाही पण पट्टी वहीत चिकटवली की पेपरात नाव आठवतं.

ताक घुसळून लोणी काढणं, दूध तापवून साय धरणं, चहाची गाळणी, तांदळातले खडे निवडणं, हे सगळं पोरांनीच सांगायला पाहिजे, तुम्ही फक्त ऐका. मिश्रणाचे समांगी आणि विषमांगी प्रकार इथेच सांगून टाका: मिठाच्या पाण्याचा कुठलाही थेंब सारखाच खारट म्हणून समांगी, आणि चिवड्याच्या प्रत्येक घासात शेंगदाणा येईलच असं नाही म्हणून विषमांगी. दूध दिसायला एकसारखं, पण त्यात चरबीचे बारीक थेंब तरंगत असतात, ते विषमांगीच.

दुसरा रविवार: संयुग

साखरेपासून सुरुवात करते, कारण मागच्या रविवारी मिठाचं जे केलं ते साखरेचंही होतं, विरघळते आणि आटवली की परत मिळते. आज तीच साखर जाळायची. मोठ्या माणसाने समोर उभं राहायचं, खिडकी उघडी, आणि कढई खरंच टाकाऊ घ्या. दोन चमचे कोरडी साखर, झाकण ठेवून मंद आच. आधी वितळते, मग सोनेरी, मग तपकिरी होते, कॅरॅमलचा वास येतो, मग धूर आणि काळाभोर फेस. गॅस बंद करा आणि चिमट्याने झाकण उलटा. आतून पाण्याचे थेंब! कोरड्या साखरेतून पाणी आलं कुठून? कढईत उरलाय तो कोळसा, म्हणजे बराचसा कार्बन. साखर ही कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं संयुग, १०० ग्रॅम साखरेत साधारण ४२ ग्रॅम कार्बन असतो. हा कोळसा आणि हे थेंब परत मिसळून साखर होईल का, हे पोरांना विचारा, आणि हवं तर मिसळून बघू द्या.

झाकण का, तर गॅस जळताना त्याचीही वाफ होते, उघड्या आचेवर थंड ताटली धरली तर ती गॅसच्याच वाफेने ओली होते आणि आपण समजतो साखरेचं पाणी. एका आठवीतल्या पोरीने मला हे विचारलं होतं, तेव्हापासून झाकण.

पुढचा प्रयोग पाण्याचा, हा माझा सगळ्यात आवडता. दोन्ही पेन्सिली दोन्ही टोकांना तासा, पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यातून खोचा आणि पुठ्ठा ग्लासवर ठेवा, खालची टोकं पाण्यात, वरची बाहेर. पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, नुसत्या पाण्यातून करंट नीट जात नाही. वरच्या टोकांना वायरी गुंडाळा आणि बॅटरीला जोडा. दोन्ही शिसांवर बुडबुडे यायला लागतात, पण एका शिसावर चांगलेच जास्त. तो मायनसकडचा, बॅटरीवरचं मोठं टोपण मायनस असतं. तिथे हायड्रोजन, दुसरीकडे ऑक्सिजन, आणि आकारमानाने हायड्रोजन दुप्पट. एच-टू-ओ मधला ‘टू’ असा डोळ्यांनी दिसतो.

तीन गोष्टी जीव तोडून सांगते. एक, घरातल्या प्लगचा करंट कधीही, कुठल्याही कारणाने पाण्यात द्यायचा नाही, फक्त बॅटरी. दोन, सोड्याऐवजी मीठ घालायचं नाही, बऱ्याच व्हिडिओत मीठ घालतात, पण मिठाच्या पाण्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो विषारी आहे. तीन, हायड्रोजन पेट घेतो, जवळ निरांजन, उदबत्ती, गॅस काही नको.

आता बसून बोलायची वेळ. हायड्रोजन जळतो, ऑक्सिजन जळायला मदत करतो, आणि दोघं मिळून झालेल्या पाण्याने आपण आग विझवतो. सोडियम इतका मऊ धातू की सुरीने कापता येतो, पाण्यात टाकला तर भडकतो म्हणून रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, क्लोरीन हिरवट-पिवळा विषारी वायू, आणि दोघांचं संयुग आपण रोज वरणात घालतो. संयुगात घटकांचे मूळ गुण उरत नाहीत हे वाक्य मी ह्या दोन जोड्यांनंतरच सांगते. दुसरं म्हणजे प्रमाण. लिंबू सरबतात साखर कमी घाला, जास्त घाला, ते सरबतच राहतं. पाण्याचं तसं नाही, वजनाने हायड्रोजन एक भाग तर ऑक्सिजन आठ भाग, मग ते विहिरीचं असो, पावसाचं असो की बाथरूमच्या नळाचं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्रूस्त ह्याच गोष्टीवर वर्षानुवर्षं वाद घालत होता आणि शेवटी त्याचंच खरं ठरलं.

मूलद्रव्य: थांबायचं कुठे?

पोरं इथे फार चांगला प्रश्न विचारतात, की हे पुढे फुटत नाही हे तुम्हाला कसं कळलं, कदाचित कोणी फोडलंच नसेल? अगदी असंच झालंय! फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हॉझिएने १७८९ मध्ये ३३ मूलद्रव्यांची यादी छापली, त्यात ऑक्सिजन, हायड्रोजन, सोनं, लोखंड होतं, पण प्रकाश आणि उष्णताही होती आणि आपला चुनाही होता. कारण त्या काळात चुना कोणालाच फोडता येत नव्हता. मग बॅटरी आली, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये वीज वापरून सोडियम आणि पोटॅशियम मिळवले आणि १८०८ मध्ये चुन्यातून कॅल्शियम वेगळा काढला. चुना मूलद्रव्यांच्या यादीतून बाहेर, संयुगात दाखल. पोरांना सांगा की तुम्ही ग्लासात जे केलंत त्याच रस्त्याने डेव्ही गेला. आज यादीत ११८ मूलद्रव्यं आहेत.

मूलद्रव्य ओळखायची अजून एक युक्ती स्वयंपाकघरात आहे. भाताचं खारट पाणी उतू जाऊन गॅसवर पडलं की निळी ज्योत क्षणात पिवळी होते, बघितलंय ना? ती सोडियमची सही. चमचा मिठाच्या पाण्यात बुडवून, पक्कडीत धरून ज्योतीत नेला की हवं तेव्हा दिसते. प्रत्येक मूलद्रव्याची वाफ तापली की तिचा प्रकाश लोलकातून बघितल्यावर ठरलेल्या रंगाच्या रेषा दिसतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात आंध्रातल्या गुंटूरहून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेष बघितली, ती सोडियमच्या रेषांच्या अगदी शेजारची होती पण सोडियमची नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इंग्लंडमधून ती बघितली. पुढे तिच्या मूलद्रव्याला हेलियम नाव पडलं, आणि पृथ्वीवर तो सापडला थेट १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला. आपल्याकडे हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं सर्रास सांगतात. लॉकियर विजयदुर्गावर आला होता हे खरं, पण जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, शोध लागून गेल्यावर. किल्ला बघायला नक्की न्या पोरांना, फक्त साल बरोबर सांगा.

ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, मग तो संयुग का नाही, ह्यावर दरवर्षी एक तरी जण अडतो. दोन्ही अणू एकाच मूलद्रव्याचे आहेत म्हणून. रेणू असणं वेगळं आणि संयुग असणं वेगळं. आणि सोडियमची संज्ञा ‘एनए’ कशी, लोखंडाची ‘एफई’ कशी असं विचारलं तर सांगा, लॅटिन नावं नॅट्रियम आणि फेरम, पाठ करायला त्याने सोपं जातं.

अडखळायच्या जागा

पितळ. ती घंटी गाळता येत नाही, चुंबकाला येत नाही, मग मिश्रण कशी? इथे दोन गोष्टी दाखवायच्या. पितळेत तांबं आणि जस्त कमीजास्त प्रमाणात असू शकतं, संयुगात असं चालत नाही. आणि जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळतं तर तांबं १०८५ ला वितळतं, म्हणजे भट्टीत नुसत्या उष्णतेने जस्त वाफ होऊन निघून जाऊ शकतं, संयुग फोडावं लागत नाही. अशा धातूंच्या मिश्रणाला संमिश्र म्हणतात. कासं म्हणजे तांबं आणि कथील, स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम, बरेचदा निकेल. सोनं मूलद्रव्य आहे, पण आईची बांगडी संमिश्र आहे, २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं, त्यावरूनच हॉलमार्कचा ९१६ आकडा आला.

‘शुद्ध’ हा शब्द तर फारच फसवतो. शुद्ध दूध, शुद्ध हवा, शुद्ध तूप, रोजच्या भाषेत ह्याचा अर्थ भेसळ नाही, पण रसायनशास्त्राच्या हिशोबाने तिन्ही मिश्रणंच. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, साधारण एक टक्का आर्गॉन आणि थोडं बाकीचं. पाकिटातलं मीठसुद्धा काटेकोरपणे मिश्रण, त्यात आयोडीनसाठी पोटॅशियम आयोडेट घातलेलं असतं. पेपरात ‘मीठ’ आलं तर सोडियम क्लोराइड समजून संयुग लिहायचं, हेही सांगून ठेवा, नाहीतर हुशार पोरं मार्क घालवतात.

कापूर डबीत ठेवला की झिजत जातो, ते नुसतं संप्लवन, म्हणजे घनाची सरळ वाफ होणं, पदार्थ कापूरच राहतो. आरतीला पेटवला की मात्र तो संपला, त्याचे दुसरेच पदार्थ झाले. एकाच वडीवर दोन्ही गोष्टी समजतात.

शेवटचा प्रयोग, दोन दिवसांचा

ह्यासाठी उरलेला कीस. काचेची लांब अरुंद बाटली किंवा परीक्षानळी आतून ओली करा, कीस टाकून फिरवा म्हणजे भिंतीला चिकटेल, जास्तीचा झटकून टाका. बाटली उलटी करून पाणी घातलेल्या ताटलीत उभी करा, तोंड पाण्याखाली राहिलं पाहिजे, पाण्याच्या पातळीवर मार्करने खूण करा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा भांडी घासायची तारेची घासणी कात्रीने कापून घातली होती, दोन दिवस काहीच झालं नाही, कारण ती स्टेनलेस स्टीलची, गंजेल कशी! म्हणून फॅब्रिकेशनवाल्याला लोखंडाचाच मागायचा.

दोन-तीन दिवसांत कीस तांबूस होतो आणि बाटलीत पाणी वर चढतं. पट्टीने मोजा. हवेची उंची १५ सेंटीमीटर असेल तर पाणी ३ सेंटीमीटरच्या आसपास चढलेलं मिळतं, म्हणजे पाचवा भाग, आणि हवेत ऑक्सिजन आहे साधारण तेवढाच. हवा हे मिश्रण होतं, त्यातला फक्त ऑक्सिजन लोखंडाने घेतला, नायट्रोजन तसाच राहिला, आणि गंज हे नवीन संयुग झालं. आता पूर्ण लाल झालेली थोडी भुकटी काढून वाळवा आणि पिशवीतला चुंबक तिच्यावर फिरवा. कोरा कीस उडी मारून चिकटायचा, ही भुकटी बहुतेक सगळी कागदावरच बसून राहते, चिकटलेच तर आत न गंजलेले कण. बाटली लगेच धुऊ नका, अजून एक दिवस तशीच ठेवा आणि पाण्याची खूण परत बघायला लावा. कीस अजून शिल्लक असला तरी पाणी आता फारसं हलत नाही, आणि का हलत नाही हे पोरांनाच सांगू द्या.